बाहुबळ आणि मनोबळ

आखाड्यात उतरताना मल्ल प्रथम लाल मातीला वंदन करतो. ज्याला दुसऱ्यास चीत करावयाचे आहे, त्याने आधी आपले मस्तक का लववावे? पुष्कळांना हा केवळ रिवाज वाटतो. मला तसे वाटत नाही.

कुस्ती, लाठी, दांडपट्टा यांच्या अभ्यासाने शरीर काटक होते, नजर तीक्ष्ण होते, प्रसंगी दुर्बळाचे रक्षण करता येते. हा लाभ लहान नव्हे. पण तेवढ्याने भागत नाही. अर्जुन केवढा धनुर्धर! तरी ऐन रणांगणावर त्याच्या हातून गांडीव गळू लागले. बाहू तेच, विद्या तीच; डळमळले ते मन. त्या मनाला सावरणारी गीता रत्नागिरीजवळच्या पावस गावी १९०३ साली जन्मलेल्या स्वामी स्वरूपानंदांनी ‘भावार्थगीता’ लिहून सुबोध मराठीत आणली. तरुणपणी त्यांनी सत्याग्रहात तुरुंगवास सोसला होता. हाती शस्त्र नसतानाही निर्भय राहणे, हेही बळच नव्हे काय?

मुलांनो, डाव टाकतो तो हात. पण तो केव्हा टाकावा आणि केव्हा आवरावा, हे मनच सांगते. मातीपुढे लवताना मल्ल मनाला हाच आवर घालीत असतो. ज्याच्या शेजारी दुबळ्याला भय वाटत नाही, तोच खरा बलवान.