संगणकाशी गट्टी : जुन्या वहीचा दोर

दोस्तांनो, जून-जुलैत मालवणला गेलात, तर होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या दिसतील. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी होडीही पावसाळ्यात थांबते. पर्यटक कमी, त्यामुळे हिशेब नीट लावायला हाच काळ बरा!

माझी भाची तारकर्लीला राहते, आठवीत आहे. घरी दोन खोल्यांचं न्याहारी-निवास आहे. बिलं ती एक्सेलमध्ये करते. मी गेलो, तर बाईसाहेब रडकुंडीला आलेल्या!

"मामा, ही फाईल रोज माका इचारता, लिंक अपडेट करू काय म्हणून!"

"मग तू काय करतेस?"

"नको म्हणान सांगतंय."

इथंच घोटाळा झाला होता. सुरमईची थाळी 350 वरून 400 झाली. तिनं नवा दर फाईलीत लिहिलाही. पण बिलात मात्र 350च! चाळीस थाळ्यांमागे 2000 रुपये गेले. बाबांना सांगायचं कसं?

असं का झालं? गेल्या वर्षीच्या फाईलीतलं बिलाचं पान तिनं नव्या फाईलीत कॉपी केलं होतं. पान आलं, पण त्यातली सूत्रं दर आणायला जुन्याच फाईलीकडे जात राहिली. होडी नव्या धक्क्याला लागली, पण दोर जुन्याच खुंटाला! याला म्हणतात बाहेरची लिंक.

"मग तोडूया!" भाची म्हणाली. डेटा मेनूत 'एडिट लिंक्स' असतं (नव्या आवृत्तीत 'वर्कबुक लिंक्स'). तिथं 'ब्रेक लिंक' आहे. पण थांबा! लिंक तोडली, की सूत्र जातं आणि त्या क्षणी दिसणारा आकडा तिथं कायमचा बसतो. म्हणजे चुकीचा 350 पक्का झाला असता. शिवाय हे 'अनडू' होत नाही. म्हणून आधी फाईलीची एक प्रत काढून ठेवली.

मग कंट्रोल आणि एफ दाबून [ हे चिन्ह शोधलं. शोध संपूर्ण वर्कबुकात, सूत्रांमध्ये. बाहेरच्या फाईलीचं नाव सूत्रात याच कंसात असतं. सापडलेल्या प्रत्येक सूत्रातला जुना पत्ता पुसून ते आपल्याच 'दर' पानाकडे वळवलं. बिलात 400 आले! मग 'ब्रेक लिंक' केलं.

तरीही यादीत जुन्या फाईलीचं नाव हटेना. आता?

सिंधुदुर्ग किल्ल्याचा दरवाजा आठवा. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला. त्याचा दरवाजा तटाच्या वळणात असा लपवलाय, की समुद्रातून पटकन दिसतच नाही. चिवट लिंकही अशीच चौकटींबाहेर दडून बसते. कंट्रोल आणि एफ3 दाबलं, की 'नेम मॅनेजर' उघडतो. तिथं चोर सापडला! माशांची नावं निवडायच्या यादीला दिलेलं नाव जुन्या फाईलीकडे बोट दाखवत होतं. ते नव्या यादीकडे वळवलं. फाईल सेव्ह केली, बंद केली, पुन्हा उघडली. प्रश्न आला नाही!

तुमची लिंक इथंही नसेल, तर आलेख, 'डेटा व्हॅलिडेशन' आणि 'कंडिशनल फॉरमॅटिंग' तपासा. या तिन्ही जागा नेहमीच्या शोधात सापडत नाहीत.

भाचीनं संध्याकाळी बाबांना सगळं खरं सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "चूक तुझ्यानच सापडली मां? मग पुढची बिलां पण तूच कर."

तर दोस्तांनो, संगणक सारखा एकच प्रश्न विचारत असेल, तर 'नको' म्हणून तो उडवून लावू नका. तो का विचारतोय, ते आधी बघा. आणि दोर कापण्याआधी त्याच्या दुसऱ्या टोकाला काय बांधलंय, तेही बघा. बघाल ना?