आधी कापायला शिका

व्हिडिओ एडिटिंग शिकायचं ठरवलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा असतो. माझी विनंती आहे, त्या शोधात एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ घालवू नका. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती नवख्याला कितीतरी दिवस पुरते. लॅपटॉप साधा असेल तर शॉटकट वापरा, तेही मोफत आहे. लॅपटॉपच नसेल तर फोनवरचं साधं ॲप घ्या. काय ठेवायचं, काय काढायचं आणि कशानंतर काय दाखवायचं, हे सगळीकडे सारखंच शिकावं लागतं.

सरावाला विषय घरचाच घ्या. समजा, उन्हाळ्यातल्या कुरडया. गहू तीन दिवस भिजतात, वाटून त्यांचा चीक काढतात, तो रात्रभर निवळतो, सकाळी शिजवून सोऱ्यातून पाडतात आणि मग कडक उन्हात वाळवतात. इतक्या दिवसांचं काम तीन मिनिटांत दाखवायचं, म्हणजे निवड करणं आलंच.

शूट करताना फोन आडवा आणि स्थिर धरा. प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद चालू द्या. एकच काम तीन अंतरांवरून टिपा: लांबून सगळी गच्ची, थोडं जवळून काम करणारी आई, अगदी जवळून तिचे हात. जवळचे शॉट नसले तर पुढे कापायला जागाच उरत नाही.

एडिटिंगला बसण्याआधी मूळ फुटेजची एक प्रत दुसरीकडे ठेवा. मग सगळं फुटेज एकदा शांतपणे पाहा आणि चांगले शॉट वहीत टिपून घ्या. ते टाइमलाइनवर क्रमाने लावा. ही कच्ची जोडणी दहा मिनिटांची झाली तरी घाबरू नका. आता प्रत्येक शॉटला विचारा, हा काढला तर काही बिघडतं का? बिघडत नसेल तर काढा, कितीही आवडता असला तरी.

कट शक्यतो हालचालीत घ्या. लांबच्या शॉटमध्ये आई सोऱ्या उचलते. तो वर जात असतानाच जवळच्या शॉटवर या. नजर हालचालीमागे जाते आणि सांधा जाणवत नाही.

क्रमाचं महत्त्व रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं. एकाच चेहऱ्यापुढे वेगवेगळी दृश्यं जोडली की प्रेक्षकाला त्या चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दिसतात. तुम्हीही करून पाहा. आईच्या चेहऱ्यानंतर आभाळात दाटलेले ढग दाखवा. तीच नजर काळजीची वाटेल. त्याच चेहऱ्यानंतर डब्यात भरलेल्या कुरडया दाखवा; ती समाधानाची वाटेल.

आवाजाकडे नवखे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. चित्र थोडं हललेलं चालतं, पण बोलणं ऐकू आलं नाही की माणूस व्हिडिओ बंद करतो. चीक शिजतानाची रटरट, बायकांच्या गप्पा हे सगळं ठेवा. पुढच्या दृश्याचा आवाज चित्राच्या थोडा आधी सुरू केलात तर एका प्रसंगातून दुसऱ्यात जाणं सहज होतं. दुसऱ्याचं गाणं परवानगीशिवाय वापरू नका.

चकचकीत इफेक्ट आणि भिरभिरणाऱ्या ट्रान्झिशनचा मोह पहिल्या काही व्हिडिओंत तरी टाळा. साध्या कटवर गोष्ट कळत नसेल तर इफेक्टने ती कळणार नाही.

आणि हातात घेतलेला व्हिडिओ पुरा करा. अर्धवट सोडलेल्या दहा प्रकल्पांपेक्षा एक पूर्ण झालेला तीन मिनिटांचा व्हिडिओ जास्त शिकवतो. तो घरच्यांना दाखवा आणि त्या वेळी पडद्याकडे न पाहता त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहा. त्यांचं लक्ष जिथे उडालं, ती जागा वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी तिथे कात्री लावा.