नाशिकची पांढरी पाहुणी

मालव्याच्या रात्रींची कीर्ती जुनी आहे. दिवसांविषयी मात्र रसिकांनी मौन पाळले, ते बहुधा मे महिन्यामुळेच. गेल्या उन्हाळ्यात इंदुरात लू वाहत असताना नाशिकचे आमचे जावई आले आणि एक बाटली मेजावर ठेवून म्हणाले, "बाबा, ही शेनिन ब्लां. चांगली गार करून घ्या."

वाचकहो, मुख्याध्यापकाच्या घरात मद्य! व्यसनमुक्तीवर दरवर्षी भाषण देणारा मी क्षणभर गोंधळलो. परंतु जिज्ञासा हाही शिक्षकाचा धर्मच. (ही पळवाट आहे, हे मान्य.)

शेनिन हे मूळचे फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातले द्राक्ष. दक्षिण आफ्रिकेत ते 'स्टीन' या नावाने रुळले. उष्ण हवेत द्राक्षातील साखर वाढते, आंबटपणा झपाट्याने ओसरतो आणि वाईन मिळमिळीत होते. शेनिन मात्र उन्हातही आपला आंबटपणा सहसा सोडत नाही. नाशिककडे वेलींची छाटणी वर्षातून दोनदा करतात आणि वाईनची द्राक्षे उन्हाळा तापण्यापूर्वीच उतरवतात. तेथील 'सुला'ने २००० साली आपल्या पहिल्या वाईन काढल्या, त्यांत शेनिन होतीच. तथापि जाणत्यांच्या तोंडी नाव असते ते सोव्हिन्यों ब्लांचे. शेनिन तिच्याहून स्वस्त, म्हणून की काय, उपेक्षित.

सराफ्यातून आणलेल्या भुट्ट्याच्या किसाबरोबर अर्धा पेला घेतला. पेरूसारखा मंद गंध, आणि शेवटी जिभेवर लिंबाची चुणूक. किसातली हिरवी मिरची तिने उत्तम झेलली. पन्ह्याची सर तिला नाही, हे माझे मत. शिवाय सुमारे बारा टक्के मद्यार्क असलेले पेय तहानेवर पिण्याचे नव्हे.

आमच्या घरातले बरेच काही एका काकांच्या दारूत वाहून गेले आहे. तेव्हापासून आई औषधाचे द्राक्षासवही कुलपात ठेवी. आसवात आंबण्याने मद्यार्क उतरतो, हे तिला ठाऊक होते. चौऱ्याऐंशी वर्षांची आई त्या रात्री अंगणात आली आणि पेल्याकडे पाहून म्हणाली, "सरबत का रे?"

'हो' म्हणणे किती सोपे होते!

"नाही आई. दारूच आहे. द्राक्षांची."

ती खुर्चीत टेकली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुझे काका न्हाणीघरात लपून पीत. तू इथेच बस. आणि बाटली फ्रिजमध्ये पुढेच ठेव, किती उरली ते मला दिसू दे."