वऱ्हाडचा इतिहास पाखरांपासून का वाचावा?

१/ वऱ्हाडचा इतिहास म्हटले की आपण गाविलगड आणि नरनाळ्यापाशी जाऊन थांबतो. माझ्या मते ही सुरुवात फार उशिराची आहे. हे दोन्ही किल्ले ज्या काळ्या बेसॉल्टवर उभे आहेत, तो खडकही एक पुरावा आहे. आणि त्या काळाचे जिवंत वारस आजही आपल्या झाडांवर बसतात. ते म्हणजे पक्षी.

२/ अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेवर सालबर्डी आहे. या परिसरात लाव्ह्याच्या थरांखालील लमेटा खडकांत डायनासोरांच्या अंड्यांची घरटी सापडली आहेत. ती लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची मानली जातात. पक्षी मात्र दोन पायांवर चालणाऱ्या थेरोपॉड शाखेतले. म्हणजे सालबर्डीची अंडी पक्ष्यांच्या पूर्वजांची नव्हेत, भाऊबंदांची.

३/ हे नाते कशावरून? १८६१ मध्ये जर्मनीतून आर्किओप्टेरिक्स उजेडात आला: पिसे पक्ष्याची, पण बोटांना नख्या आणि शेपटीत हाडांची लांब साखळी. पुढे हक्सले यांनी डायनासोर व पक्षी यांच्या हाडांतील साम्य दाखवले. १९९६ मध्ये चीनमधून पिसांसारख्या तंतूंचे ठसे असलेला डायनासोर समोर आला. पिसे, पोकळ हाडे, छातीवरचे जुळलेले हाड ही लक्षणे उड्डाणाच्या आधीपासूनची आहेत. म्हणून ‘डायनासोर नामशेष झाले’ हे विधान अपुरे आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या संहारातून त्यांची एक शाखा वाचली.

४/ ‘हा जीवशास्त्राचा विषय, इतिहासाचा नव्हे’, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर रानपिंगळ्याचे. १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याचे वर्णन केले. १८८४ नंतर त्याची खात्रीशीर नोंद नाही. माइनर्ट्झहागेन या संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळवल्याचा दावा केला होता. पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला, तेव्हा तो संग्रहालयातून चोरून, खोटी चिठ्ठी लावलेला जुनाच नमुना निघाला. खोटी नोंद बाजूला सारून, जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला गेला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. पुढे तो मेळघाटातही आढळला.

५/ साधनचिकित्सा म्हणजे याहून वेगळे काय? बखरीतील प्रक्षेप ओळखणारी दृष्टी आणि चिठ्ठीतील लबाडी ओळखणारी दृष्टी एकच. ११३ वर्षे हरवलेला पक्षी अखेर जुन्या नोंदींच्या काटेकोर वाचनातून सापडला.

६/ म्हणून आग्रह एवढाच: किल्ल्याचा ढासळता बुरूज पाहून आपण हळहळतो, तशीच हळहळ सालबर्डीच्या खडकाबद्दल आणि रानपिंगळ्याच्या ढोलीबद्दलही वाटली पाहिजे. बुरूज पुन्हा रचता येतो. फोडलेला जीवाश्म आणि संपलेली प्रजाती यांची दुसरी प्रत कोणत्याही दप्तरात नसते.