प्लेटोचा निकाल आणि पेण-रोह्याची साक्ष

१/ ‘सोफिस्ट’ हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो. तत्त्वज्ञ सत्य शोधतो, वक्ता लोकांना भुलवतो, ही वाटणी इतकी रुळली आहे की हा निकाल दिला कोणी, हे विचारण्याचेही कोणाला सुचत नाही. तो प्लेटोने दिला. आणि प्लेटो या खटल्यात न्यायाधीश नव्हता, पक्षकार होता.

२/ इ. स. पू. ४२७ मध्ये गॉर्जिअस लिऑन्टिनीचा दूत म्हणून अथेन्सला आला. त्या नगरात खटल्यातील माणसाला शेकडो पंचांसमोर स्वतःच बोलावे लागे. वक्तृत्व ही तेथे चैन नव्हती, गरज होती. सोफिस्टांनी ते शुल्क घेऊन शिकवले, म्हणून प्लेटोने नाक मुरडले. धनाढ्य घराण्यात जन्मलेल्याला ते परवडते!

३/ विसंगती पुढेच आहे. ज्या सॉक्रेटिसला प्लेटो सोफिस्टांहून वेगळा काढतो, त्यालाच अ‍ॅरिस्टोफेनिसने इ. स. पू. ४२३ मध्ये ‘मेघ’ या नाटकात सोफिस्ट म्हणून रंगवले. आणि वक्तृत्वाची निंदा प्लेटोने केली ती कशाने? नाट्यपूर्ण संवादांनी आणि गुहेच्या दृष्टान्ताने. हे वक्तृत्व नव्हे, तर काय?

४/ आता रायगडकडे वळावे. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली विनोबा जन्मले. रोह्यात १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी अठरा रविवार गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. मराठीतील एक महत्त्वाचा तत्त्वचिंतनाचा ग्रंथ असा बोलण्यातून जन्मला. आठवल्यांचा स्वाध्यायही प्रवचनाच्या बळावरच कोळीवाड्यांपर्यंत पोहोचला. या दोघांतून वाणी वजा केली, तर उरलेले तत्त्वज्ञान किती जणांपर्यंत गेले असते?

५/ भारतीय परंपरेने हा प्रश्न अधिक प्रौढपणे हाताळला. न्यायसूत्रांनी चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार केले. सत्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, केवळ खंडनासाठी वितंडा. शेवटचे दोनही त्याज्य ठरवले नाहीत: कोवळ्या रोपाभोवती काटेरी कुंपण घालावे, तसे ते तत्त्वाच्या रक्षणासाठी वापरावेत, असे सांगितले.

६/ प्लेटोच्या बाजूने एक आक्षेप मात्र खरा आहे. १९५१ मध्ये पोचमपल्लीत सुरू झालेल्या भूदानात विनोबांच्या शब्दांनी लाखो एकरांची दाने मिळवली. पण त्यांतील बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. मन वळवणे म्हणजे काम तडीस नेणे नव्हे.

७/ पण हा दोष वाणीचा नाही. वाणीवर थांबण्याचा आहे. म्हणून कसोटी ‘हा गोड बोलतो का?’ ही नसावी. ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येतो का, आणि सभा उठल्यावर शब्दाचे काय होते, ही असावी. या कसोटीला सोफिस्टांनी उतरावे, विनोबांनी उतरावे आणि प्लेटोनेही.