एक प्यादं जास्त

मैत्रिणींनो, बुद्धिबळाचा डाव चालू असताना ‘आता बरोबरीच’ असं ऐकलं, की आपण कढईकडे वळतो. पण बघण्यासारखं पुष्कळदा तिथूनच पुढे असतं.

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जगज्जेतेपदाचा १४वा, शेवटचा डाव. गुण ६.५–६.५. चीनचा जगज्जेता डिंग लिरेन पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता, आपला चेन्नईचा १८ वर्षांचा गुकेश काळ्या. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट. गुकेशचं फक्त एक प्यादं जास्त. एवढ्यावर जिंकणं अवघड, तरी पोरगा खेळतच राहिला!

अशा वेळी एवढंच पाहावं, मारामारी कोणाला हवी आहे? मोठी मोहरी आहेत तोवर जास्तीचं प्यादं अडवता येतं. ती गेली की तेच वजीर व्हायला निघतं.

५५व्या खेळीला डिंगनेच हत्तीसमोर हत्ती आणला. गुकेशने तो मारला आणि लगेच उंटही भिडवला. डिंगचा उंट कोपऱ्यात, पळायला जागाच नाही. उरले राजे आणि प्यादी. ५८व्या खेळीनंतर डिंगने हार मानली. गुकेश मात्र डोळे पुसत मोहरी पुन्हा जागच्या जागी मांडत बसला होता.