पाणी किती फूट विचारता, मग बर्फ का नाही विचारत?

जुलै उजाडला की कोल्हापुरात एकच प्रश्न असतो, "पाणी किती झालं?" राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. शाळकरी पोरालाही हे पाठ आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरानं ते पाठ करून घेतलं.

आणि तीच माणसं जानेवारीत पोरांना उत्तराखंड-हिमाचलात बर्फातल्या ट्रेकला पाठवताना काय विचारतात? जेवण व्हेज आहे का, आणि बर्फ नक्की असणार ना!

माझा भाचा निघालाय. त्याला म्हटलं, हिमस्खलनाचं काय? म्हणाला, "मामा, पन्हाळा-पावनखिंड तीनदा केलंय की. भर पावसात!"

खरी गोम इथंच आहे. सह्याद्रीत आपल्याला भीती कड्याची वाटते. बर्फ मात्र सरळसोट कड्यावर फारसा टिकतच नाही, तो साचतो ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. म्हणजे आपल्या पोरांना "सोपा चढ" वाटावा अशा जागी. वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचतो. खाली जुना भुसभुशीत थर, वर नवा घट्ट थर. वरून काही कळत नाही. त्यावर माणूस चढला की सगळा तुकडाच सुटतो. असल्या अपघातांत बहुतेक वेळा लोट सुटतो तो त्या माणसांच्याच वजनानं. आणि फोटोला झकास असते ती बर्फ पडून गेल्यानंतरची लख्ख उन्हाची सकाळ, तेव्हा धोका उतरलेला नसतो.

४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का दांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतले २९ जण गेले. ते शिकाऊ होते खरे, पण प्रगत अभ्यासक्रमाचे, सोबत प्रशिक्षक. एप्रिल २०२३ मध्ये सिक्कीमला नथुलाच्या रस्त्यावर सात पर्यटक गेले, ते तर ट्रेकलाही आले नव्हते.

भाचा म्हणतो, सियाचीनचा तो जवान सहा दिवसांनी जिवंत निघाला होता. निघाला होता, हणमंतप्पा. पण दवाखान्यात दोनच दिवसांत गेला, आणि त्याच्या चौकीतले बाकीचे नऊ आधीच गेले होते. त्यात आपल्या शेजारच्या साताऱ्याचाही एक होता. पूर्ण गाडला गेलेला माणूस दहा मिनिटांत काढला तर दहातले नऊ वाचतात, अर्धा तास गेला की जेमतेम तीन. म्हणजे हेलिकॉप्टर येईपर्यंत खेळ संपलेला. वाचवणार तो शेजारी चालणारा, तेही त्याच्याकडे सिग्नल पकडणारं यंत्र, टोचून बघायची लांब काठी आणि फावडं असेल तर. किती ट्रेकवाले हे देतात, विचारून बघा.

इशारा मिळत नाही असंही नाही. चंदीगडची डीआरडीओची संस्था, डीजीआरई, हिवाळ्यात जिल्ह्यागणिक हिमस्खलनाचा इशारा काढते. धोक्याच्या पातळ्या पाच. तीन म्हटलं की आपल्याला "मध्यम" वाटतं. पण जगभरात बरीच माणसं तीनलाच मरतात, कारण चार-पाचला लोक आपणहून घरात बसतात.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. बॅचची तारीख ठरलेली, रेल्वेचं रिझर्वेशन केलेलं, रजा टाकलेली आणि पैसे परत नाहीत. अशा वेळी इशारा वाचून माघारी फिरणार कोण? "आलोय तर करूनच जाऊ" हे आपल्या रक्तातच आहे. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ ला आलं. माझं म्हणणं, इथं कोल्हापुरात बसून बर्फाचे ट्रेक विकणाऱ्यांना त्याखाली दोन अटी घाला. निघताना त्या दिवसाची पातळी लेखी द्यायची, आणि धोक्यामुळं बॅच थांबली तर पैसे परत करायचे. यातली दुसरी जास्त महत्त्वाची. बर्फात जाऊ नका असं मी म्हणतच नाही, मी स्वतः गेलोय.

भाच्यानं शेवटी आयोजकाला मेसेज केला: पातळी तीन असेल तर काय करणार? उत्तर आलं, "काळजी करू नका सर, आमचे गाईड लोकल आहेत." आणि पैशाचं? त्या मेसेजला दोन निळ्या टिका आल्यात. चार दिवस झाले.